पाच मिनिटांचं इन्स्टॉल झालं, पुढे काय? – सीएमएस शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

वर्गात, शिबिरांत आणि व्हिडिओंमधून वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल ही सीएमएस, म्हणजे साइट उभारून तिचा मजकूर सांभाळण्याची सॉफ्टवेअर, शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांस,

स. न. वि. वि.

मी तुमचाच विद्यार्थी. तुमच्यापैकी कुणा एकाचा असं नाही. थोडं वर्गात शिकलो, बरंचसं व्हिडिओ बघून, उरलेलं चुका करून. आता माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी उभारलेल्या साइट सांभाळणं. नवी साइट माझ्या हातून वर्षाकाठी एखादी होते. बंद पडलेली, पांढरी झालेली, पासवर्ड हरवलेली साइट मात्र सतत दारात उभी असते. ती उघडून बघितली की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते : बनवणाऱ्याला उभारणी नीट शिकवलेली आहे, सांभाळणं कुणीच शिकवलेलं नाही.

दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी माझी फजिती सांगतो. वर्ग संपून फार दिवस झाले नव्हते. एका लहानशा संस्थेची वर्डप्रेसची साइट माझ्याकडे होती. ती साध्या एचटीटीपीवरून सुरक्षित एचटीटीपीएसवर न्यायची होती, म्हणजे पत्त्यात एक 'एस' वाढवायचा. त्यात काय मोठंसं? डेटाबेस, म्हणजे साइटचा मजकूर आणि सेटिंग्ज जिथे साठतात ते कोठार, फाइलमध्ये उतरवून घेतला, साध्या एडिटरमध्ये उघडला, जुना पत्ता शोधून सगळीकडे नवा घातला, त्याच नावाने सेव्ह केला आणि परत चढवला. साइट उघडली. लेख जागच्या जागी होते. पण मेनू गायब, हेडरचं चित्र गायब, रंग थीमचे (साइटचं दिसणं ठरवणाऱ्या तयार संचाचे) मूळचे, बाजूच्या पट्टीतला मजकूर नाहीसा. कुठलीही एरर नाही. जणू कालच थीम बसवली आहे आणि अजून कुणी हात लावलेला नाही.

दोन रात्री मी थीम काढून पुन्हा बसवत होतो. तिसऱ्या रात्री डेटाबेसातलं सेटिंग्ज ठेवणारं, ऑप्शन्सचं टेबल उघडलं आणि पहिल्यांदाच एकेक ओळ वाचली. सेटिंग्जची यादी डेटाबेसात ठेवायची असली की पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे ती, ती यादी सपाट करून एका ओळीत लिहितं आणि प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी आकड्यात टाकतं. २४ अक्षरांचा पत्ता असेल तर आधी २४, मग पत्ता. मी 'एस' घातला तेव्हा पत्ता २५ अक्षरांचा झाला आणि आकडा २४चाच राहिला. हिशेब जुळला नाही तर पीएचपी तेवढीच नोंद वगळून पुढे जात नाही, अख्खी यादी नाकारतं. थीमच्या साऱ्या सेटिंग्ज एकाच यादीत असतात. हेडरच्या चित्राचा पत्ता तिथे होता, आणि कुठला मेनू कुठे दाखवायचा हेही तिथेच होतं. एका अक्षरापायी सगळं गेलं. लेखांचा मजकूर साधा लिहिलेला असतो म्हणून तो वाचला.

मूळ फाइलवरच सेव्ह केल्यामुळे बॅकअप नव्हता. पण कारण कळल्यावर उपायही हाताशी होता. त्याच फाइलमध्ये उलट बदल केला, 'एस' काढून टाकला आणि आकडे पुन्हा जुळले. नंतर कळलं, डब्ल्यूपी-सीएलआय या, टाइप केलेल्या आज्ञांनी वर्डप्रेस चालवण्याच्या साधनात यासाठी एक आज्ञा आहे, ती पत्ता बदलताना लांबीचे आकडेही दुरुस्त करते. एका ओळीचं काम होतं.

वर्गात ही आज्ञा शिकवली नाही याचा राग नाही, आज्ञा शोधून सापडते. पण आमच्या अभ्यासक्रमात डेटाबेस हा शब्द एकदाच आला : इन्स्टॉल करताना नाव, युजर आणि पासवर्ड भरायच्या तीन चौकटी. आत काय असतं ते कुणी दाखवलं नाही. वर्डप्रेसची मुळातली टेबलं जेमतेम १२ आहेत. लेख, पानं, मेनूतल्या ओळी, चढवलेल्या चित्रांच्या नोंदी, मागच्या आवृत्त्या, हे सगळं 'पोस्ट्स' नावाच्या एकाच टेबलात असतं आणि प्रकार एका रकान्यात लिहिलेला असतो. तासाभरात दाखवून होईल. तो तास मिळाला असता तर माझ्या तीन रात्री वाचल्या असत्या, आणि ज्यांची साइट होती त्यांनाही तीन दिवस बोडकी साइट बघावी लागली नसती.

दुसरी गोष्ट क्रमाची. तुम्ही सुरुवात थीमपासून करता. पहिल्याच दिवशी पडद्यावर काहीतरी देखणं दिसलं की विद्यार्थी टिकतात, हे मला कळतं. मीही त्यामुळेच टिकलो. पण मग साइट म्हणजे दिसणं अशी समजूत घट्ट बसते. नुकतीच माझ्याकडे कार्यक्रमांच्या नोंदींची एक साइट आली. शेकडो नोंदी, आणि प्रत्येकीत तारीख मजकुरात लिहिलेली. कुठे '५ मे', कुठे 'येत्या रविवारी', कुठे नुसतंच 'सायंकाळी सहा वाजता'. मागणी साधी होती : झालेले कार्यक्रम मागे जावेत, होणारे वर यावेत. तारखेसाठी वेगळं फील्ड, म्हणजे स्वतंत्र रकाना, असतं तर हे दहा मिनिटांचं काम होतं. ते नव्हतं, म्हणून नोंदी एकेक उघडून, वाचून, तारखा हाताने भराव्या लागल्या. 'येत्या रविवारी' म्हणजे कुठला रविवार हे ठरवायला नोंद कधी टाकली ते बघायचं आणि पुढचा रविवार मोजायचा.

मजकुराचे प्रकार कोणते, प्रत्येकाची फील्ड्स कोणती, वर्गीकरण कसं, हे कागदावर मांडणं कुठल्याही एका सॉफ्टवेअरची मक्तेदारी नाही. ड्रुपलवाले तर आधी तेच करतात. तिथली फील्ड्स पूर्वी वेगळ्या मॉड्यूलने यायची, २०११च्या जानेवारीत ड्रुपल ७ आलं तेव्हापासून ती गाभ्यात आहेत. वर्डप्रेसमध्ये स्वतःचे पोस्टचे प्रकार करण्याची नीट सोय २०१०च्या ३.० आवृत्तीत झाली, जूमलाने कस्टम फील्ड्स २०१७ला ३.७मध्ये आणली. तिघंही वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचले. म्हणजे शिकवण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे. हे पक्कं झालं की एकावरून दुसऱ्यावर जायला फार वेळ लागत नाही. बटणांच्या जागा पाठ केलेला माणूस मात्र पुढच्या आवृत्तीत बटणं हलली की हवालदिल होतो. डिसेंबर २०१८मध्ये वर्डप्रेस ५.० बरोबर ब्लॉक एडिटर, म्हणजे लेख सुट्या तुकड्यांनी रचायचा नवा एडिटर, आला तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं. लोक जुना एडिटर परत आणणारं प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकून मोकळे झाले.

पेजबिल्डर, म्हणजे कोड न लिहिता पानं रचायची प्लगइन्स, त्यांच्याबद्दल थोडक्यात. वापरा, शिकवा, माझी हरकत नाही. फक्त शेवटच्या तासाला विद्यार्थ्यांसमोर ते प्लगइन बंद करून दाखवा. काही बिल्डर मजकूर ठीकठाक मागे ठेवतात, तर काहींच्या मागे पानभर चौकटी कंसांतले कोड उरतात. कुठला बिल्डर कसा ते विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावं.

आता 'फुकट' या शब्दाकडे वळतो. जवळजवळ प्रत्येक व्हिडिओच्या पहिल्या मिनिटात तो येतो. मराठीत मोफत आणि मुक्त हे दोन शब्द वेगळे आहेत, इतकी सोय हाताशी असून आपण दोन्हीची गल्लत करतो. पैसे पडत नाहीत हा यातला लहान भाग. ही तिन्ही सॉफ्टवेअर ज्याखाली मिळतात तो जीपीएल परवाना सांगतो की हे चालवा, उघडून बघा, बदला आणि इतरांना द्या. तुम्ही बदललेलं दुसऱ्याला दिलंत, तर त्यालाही हेच हक्क द्या. याचा खरा अर्थ इतिहास सांगितल्यावर कळतो. बी२ नावाचं एक लहान सॉफ्टवेअर होतं. त्याचा कर्ता दिसेनासा झाला आणि काम थांबलं. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तोच कोड उचलून पुढे नेला. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली ती अशी. जूमलाचं तर भांडणातून झालं. मॅम्बो नावाच्या आधीच्या सीएमएसच्या मालकीवरून आणि कारभारावरून खटके उडाले, २००५च्या ऑगस्टमध्ये मुख्य प्रोग्रामर बाहेर पडले आणि कोड घेऊन नव्या नावाने उभे राहिले. ते नाव स्वाहिलीतल्या 'सगळे मिळून' अशा अर्थाच्या शब्दावरून घेतलेलं. शब्द मुळात अरबी, आपल्या जुन्या हिशेबांतला 'जुमला' म्हणजे एकूण बेरीज, तोच हा.

कर्ता गेला किंवा मालकाशी पटेनासं झालं, तरी काम पुढे नेता येतं, हे त्या परवान्यात आहे. विद्यार्थ्याला हे सांगितलंत तर तो कोडच्या फाइली उघडायला बिचकणार नाही. मी कितीतरी दिवस त्या फाइलींना हात लावायचा नसतो असंच समजत होतो.

याच ओघात एक अवघड विषय. काही वर्गांत विकत मिळणाऱ्या थीमच्या 'नल्ड', म्हणजे पैसे न भरता चालाव्यात म्हणून कुलूप काढलेल्या, प्रती पेनड्राइव्हवरून वाटल्या जातात. मला मिळालेल्या पेनड्राइव्हवरही होत्या. 'जीपीएल आहे, चालतं' असं त्याचं समर्थन ऐकलं आहे. पीएचपीचा भाग जीपीएलखाली असेल तर पुढे देण्याचा हक्क असतो, हे खरं. पण परवान्यापलीकडचा प्रश्न असा, की मधल्या कुणीतरी ती फाइल उघडून किल्ली तपासणारा कोड काढलेला असतो आणि त्याच हाताने आणखी काय घातलं ते तुम्ही बघितलेलं नसतं. शिवाय अशा प्रतीला अपडेट मिळत नाहीत.

अपडेट न मिळण्याचं गांभीर्य वर्गात पोचत नाही, म्हणून तीन प्रसंग सांगतो. २०११च्या ऑगस्टमध्ये टिमथंब नावाच्या, चित्रं लहानमोठी करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये भोक सापडलं. ही स्क्रिप्ट असंख्य थीमच्या पोटात घातलेली होती, त्यामुळे आपल्या साइटवर टिमथंब आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं. प्लगइनच्या यादीत ती दिसणार कशी? दुसरा प्रसंग ड्रुपलचा. १५ ऑक्टोबर २०१४ला डेटाबेसपर्यंत थेट पोचवणारी चूक जाहीर झाली आणि दुरुस्तीही त्याच वेळी आली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा गटाने सांगितलं की पहिल्या सात तासांत ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही, त्यांनी आपली साइट फोडली गेली असंच धरून चालावं. सात तास, म्हणजे एक रात्र झोप काढली की संपलं. आणि नंतर अपडेट केल्याने आत आलेला माणूस बाहेर जात नाही. दार लावलं, चोर आत, अशी गत.

तिसरा प्रसंग वर्डप्रेसचा आणि तो मला वर्गासाठी सगळ्यांत उपयोगी वाटतो. २०१७च्या जानेवारीअखेर ४.७.२ आवृत्ती आली. तिच्यात रेस्ट एपीआयमधली, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामना साइटशी बोलू देणाऱ्या दारातली, एक गंभीर चूक दुरुस्त केलेली होती. लॉगिन न करता कुणालाही लेख बदलता येत होते. ही चूक मुद्दाम काही दिवस जाहीर केली नाही, साइटना आपोआप अपडेट व्हायला वेळ मिळावा म्हणून. छोटे अपडेट आपोआप बसण्याची सोय २०१३च्या ३.७ आवृत्तीपासून आहेच. ज्यांनी ती चालू ठेवली होती त्यांना बहुधा कळलंही नाही. ज्यांनी बंद केली होती, त्यांच्यापैकी कितीजणांच्या पहिल्या पानावर दुसऱ्याचंच नाव झळकलं. 'अपडेटने साइट बिघडते, बंद करून ठेवा' असं सांगणारे शिक्षक मला भेटले आहेत. बिघडते कधीकधी, मान्य. म्हणून तर साइटची प्रत काढून तिच्यावर आधी अपडेट चालवून बघायचं, आणि हे शिकवायचं.

बॅकअपचं प्लगइन सगळे शिकवतात, तो बॅकअप परत चढवून कुणी दाखवत नाही. ज्या फाइली आपण महिनोन्‌महिने साठवतो त्यांतून साइट उभी राहते का, हे पहिल्यांदा बघायची वेळ साइट गेल्यावरच येते. एकदा मला अशी फाइल मिळाली, जिच्यात चित्रं सगळी होती आणि डेटाबेस शून्य बाइटचा. होस्टिंगवरची, म्हणजे साइट ठेवायला घेतलेल्या सर्व्हरवरची, जागा संपल्यामुळे तो लिहिलाच गेला नव्हता, आणि 'बॅकअप झाला' अशी ईमेल मात्र रोज येत होती.

आता आपल्या भाषेपुरतं. तुम्ही मराठीत शिकवता, पण नमुन्याचा मजकूर लॅटिन घालता. त्यामुळे देवनागरीच्या अडचणी विद्यार्थ्याला पहिल्यांदा भेटतात त्या क्लायंटसमोर. वर्डप्रेसमध्ये देवनागरी शीर्षकावरून लेखाचा पत्ता तयार होतो तेव्हा प्रत्येक अक्षराची, मात्रेची, अनुस्वाराची नऊ रोमन चिन्हं होतात. 'संकेतस्थळ' या शब्दात स, अनुस्वार, क, मात्रा, त, स, हलन्त, थ, ळ असे नऊ तुकडे आहेत, म्हणजे ८१ चिन्हं झाली. पत्ता ठेवायच्या रकान्यात जागा आहे २०० चिन्हांची. बावीस तुकड्यांनंतर पत्ता कापला जातो, मग तो शब्दाच्या मध्यावर का असेना. हे माहीत असेल तर माणूस लेख छापायच्या आधी पत्ता छोटा करतो. नसेल तर एकाच सुरुवातीचे, शेवटी नुसता आकडा बदलणारे पत्ते साठत जातात.

जुन्या साइटचा डेटाबेस हलवताना कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत, चुकला, की मराठीच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि चलनासारखी चिन्हं दिसू लागतात. मजकूर गेलेला नसतो, चुकीच्या चष्म्यातून वाचला जात असतो. पण विद्यार्थी घाबरून त्याच पानावर 'सेव्ह' दाबतो आणि मग मजकूर खरोखरच जातो. दिसण्याच्या बाजूने पाहिलं तर थीममध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते, ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. पहिल्याच दिवशी नमुन्याच्या मजकुरात 'कर्तृत्व', 'वाङ्मय', 'दऱ्याखोऱ्या' हे तीन शब्द टाकलेत तर यातलं बरंचसं तिथेच उघडं पडेल.

हे सगळं अभ्यासक्रमात बसवायचं कुठे, असं तुम्ही विचाराल. तास तेवढेच आहेत. काय काढायचं तेही सांगतो. स्लायडरचा, म्हणजे सरकत्या चित्रांच्या पट्टीचा, तास काढा. 'असायलाच हवीत अशी १५ प्लगइन्स' हा तास काढा, त्यातली बारा दोन वर्षांनी कुणी सांभाळत नसतं. प्लगइन निवडायला मात्र शिकवा : शेवटचं अपडेट कधी झालं, तक्रारींना उत्तरं मिळतात का, काढल्यावर मागे काय उरतं.

आणि परीक्षा बदला. आज परीक्षा म्हणजे 'पाच पानांची साइट बनवा'. त्याऐवजी बिघडलेली साइट द्या. एकीचा डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा असू द्या. दुसरीत असं प्लगइन ठेवा जे पीएचपी ८मधून काढून टाकलेलं फंक्शन वापरतं, म्हणजे पान पांढरं. प्लगइन्सच्या फोल्डरचं नाव बदललं की सगळी प्लगइन्स बंद होतात आणि अ‍ॅडमिनमध्ये शिरता येतं, ही युक्ती ज्याने एकदा घाम गाळून शोधली तो जन्मभर विसरत नाही. वर्डप्रेस ५.२पासून अशा वेळी दुरुस्तीची लिंक ईमेलने येते, हे खरं. पण ती जाते अ‍ॅडमिनच्या पत्त्यावर, आणि बहुतेक वेळा तो पत्ता असतो साइट बनवून केव्हाच निघून गेलेल्या माणसाचा. मला आलेल्या अशा किती साइटच्या दुरुस्तीच्या लिंका कुणाच्या बंद इनबॉक्समध्ये पडून असतील, देव जाणे.

म्हणून परीक्षेतला शेवटचा प्रश्न हस्तांतराचा असावा. डोमेन (साइटचा विकत घेतलेला पत्ता) कुणाच्या नावावर, नूतनीकरण कधी, होस्टिंगची खाती कुठली, बॅकअप कुठे जातो, कुठलं प्लगइन कशासाठी बसवलं. एक पान पुरतं. ते पान लिहून जो विद्यार्थी देईल त्याला माझ्या मते डिझाइनच्या दुप्पट गुण द्यावेत, पण हे जरा माझ्या धंद्याच्या बाजूने झुकलेलं मत आहे हे कबूल करतो.

साइट वर्गापेक्षा, शिकवणाऱ्यापेक्षा, कधीकधी बनवणाऱ्याच्या नोकरीपेक्षाही जास्त जगते. ड्रुपल ७चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ला थांबला, म्हणजे १४ वर्षांनी. त्यावरून पुढच्या आवृत्तीत जाणं हे अपडेट नव्हतं, मजकूर नव्याने उभारलेल्या साइटमध्ये वाहून न्यायचा होता. ज्यांनी २०११मध्ये फील्ड्स विचार करून मांडली होती त्यांचं हे काम निभावलं. ज्यांनी सगळं एका मोठ्या चौकटीत ओतलं होतं, त्यांच्यापैकी दोघांची कामं मी अजून करतो आहे.

बिघडलेल्या साइट शोधत बसायची गरज नाही. माझ्याकडे सात प्रती तयार आहेत. नावं, पत्ते, ईमेल सगळं काढून टाकलेलं आहे आणि प्रत्येकीत वेगळा बिघाड ठेवला आहे. वर्गात वापरायच्या असतील तर मागा, देईन. उत्तरांची फाइल सोबत मिळणार नाही. एवढंच सांगतो की चौथ्या प्रतीत थीमचा काही दोष नाही, आणि तरीही सगळे आधी थीमच काढून बसवतील.

कळावे,

आपला,
एक माजी विद्यार्थी